तुडुम

रात्री सव्वादोनला हिवराज डहारेचं रक्त
माझ्या टेबलावर आलं.
जांभळ्या झाकणाची एक नळी, लाल झाकणाची एक.
तलावाच्या पारीवर रानडुक्कर आडवं गेलं,
गाडी दगडावर, डोकं गाडीच्या आधी.
हेल्मेट घरी होतं. त्यात इमलानं कांदे ठेवले होते.

नागपूरला न्यायचं ठरलं. एकशेआठ यायची होती.
तोवर मी मशीन लावलं.
साखर, क्रिएटिनिन, एसजीओटी.
अकरा वर्षं लिहितेय ही चार अक्षरं,
मोहाची पिऊन पिवळे पडलेल्यांच्या कागदांवर.
त्यातला जी कोणाचा,
मी कधी विचारलं नव्हतं.

गेल्या वर्षी भंडाऱ्याच्या ट्रेनिंगला
एका म्हाताऱ्या मॅडमनी सांगितलं : ग्लुटामेट.
मेंदूत एका पेशीला दुसरीला हाक मारायची
तर बहुतेकदा याच्याच तोंडून.
आईचं नाव, जाळ्याची गाठ, घरची वाट,
सगळं याच्या चिमटीभरावर.
पण डोकं फुटलं की ते सांडतं.
हाकेचा कल्ला होतो,
आणि ऐकून ऐकून
शेजारच्या धडधाकट पेशी मरतात.

तिथे हात पोचत नाही, म्हणाल्या.
म्हणून काही जण रक्तातलं कमी करून बघतायत.
रक्तातलं उतरलं
तर डोक्यातलं आपल्या पायांनी खाली येतं.
उंदरांत दिसलंय. माणसांचं अजून नक्की नाही.
आणि रक्तात त्याला खाऊन टाकणारं जे आहे
त्याचंच नाव तुम्ही रोज रजिस्टरात लिहिता.

कोणी मान वर केली नाही. जेवणाची वेळ झाली होती.
मला मात्र बाप दिसला.

बाप गावचा पाणकर.
तलाव फुगला की वरच्या अंगाच्या बांध्या बुडायच्या,
रोवणा चार दिवसांत पिवळा.
धान पाण्यावरच जगतं, पाण्यातच सडतं.
लोक घमेली घेऊन उपसत बसायचे
आणि बाप धुऱ्यावर उभा राहून ओरडायचा,
"काहून उपसता गा?
पाण्याले ओढाचं नसते, उतार द्याचा असते.
तलाव उतरवा, बांधी आपोआप उतरते."

मग तुडुमाचा गुट्टा काढायला
ढिवरांच्या मोहल्ल्यातून एक पोरगा यायचा.
बारा वर्षांचा, हडकुळा, पुढचा दात अर्धा.
बुडी मारायचा. बाप काठावर आकडे मोजायचा,
चाळीसच्या पुढे कधी गेला नाही.
खाली नाल्यात आधी गुरगुर,
मग पाण्याचा लोंढा,
मग वर हिवराज, लाकडी गुट्टा छातीशी धरून,
हसत, नाकातून पाणी गळत.
बाप त्याला गुळाचा खडा द्यायचा.
दुसऱ्या दिवशी बांधीत
धानाची टोकं दिसायची.

मशीननं आकडा दिला. एकसष्ट.
थोडा जास्त. मार लागला की वाढतो,
यात मी दुसरं काही वाचू नये, एवढं मला कळतं.
ग्लुटामेट मोजायचं काही इथे नाही.
त्याच्या डोक्यात आत्ता किती चढलंय,
कोणती बांधी बुडाली,
दाताची, गुळाची, की इमलाची,
कोण सांगणार.
एवढंच की त्याच्या रक्तात
कोणीतरी लहानसं, न सांगता,
गुट्ट्याशी झटत असेल.
त्या एकट्याच्या जोरानं तलाव उतरतो का?

इमला दारात आली. पायात एकच चप्पल.
"बाई, रगतात का निंगालं?"
साखर ठीक आहे, म्हटलं.
तिनं मान हलवली, जशी काही साखरच विचारली होती.

गाडी नाक्यापर्यंत दिसली, मग नुसता निळा उजेड
पळसांवरून गेला.
मी मोजायला लागले.
चाळीस झाले. साठ.
शंभराच्या पुढे गेले असेन
तेवढ्यात वॉर्डातून दुसरी नळी आली,
दोन दिवसांच्या बाळाची, कावीळ,
लेबलवर नावसुद्धा नाही अजून.